तिसऱ्या हाकेला ओ

आमच्या विहीणबाईंना खुद्द यमानं दारात येऊन हाक मारली असती ना, तरी त्यांनी त्याला आणखी दोनदा मारायला लावली असती, आणि तो बिचारा कंटाळून रेडा वळवून परत गेला असता, असं मी चारचौघांत अगदी छातीवर हात ठेवून सांगायची. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात हाकेला इतकं उशिरा उत्तर देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. बहिऱ्या नव्हत्या हो! उलट कान असे तिखट, की खालच्या मजल्यावर कुणी कढईत मोहरी टाकली तर ह्या वर बसून सांगणार, तेल अजून तापलेलं नाय. पण त्यांना एकदा हाक मारा, बाई ढिम्म. दुसऱ्यांदा मारा, नुसती मान तिरकी करून हवेत बघतील. तिसऱ्यांदा मारलीत की मग सावकाश, जणू काही आत्ताच कळलं असं, "ओ ऽ" म्हणतील. सुरुवातीला मला वाटायचं, मुलीकडच्या असून केवढा हा तोरा! मग एकदा विचारलंच. तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाल्या, "विहीनबाई, तुम्ही शहरातल्या. तुम्हाला कोन सांगनार? एका हाकेला ओ दिली आन ती हाकामारी असली, मग?"

ही हाकामारी म्हणजे ती, जी आपल्याच माणसाचा आवाज काढून दाराबाहेरून नाव घेते. पण तिला एकदाच हाक मारता येते, फार तर दोनदा. तीनदा मारायची ताकद फक्त जिवंत माणसाच्या गळ्यात, असं आमच्या विहीणबाईंचं म्हणणं. जो पहिल्या हाकेला ओ देतो तो तिच्या मागे जातो. मीही मळ्यातच वाढलेली, असलं लहानपणी मीही ऐकलेलं. पण आमच्या मळ्यावर इमारती उभ्या राहिल्या, मखमलाबाद रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायला आलो, तेव्हा मला वाटलं होतं, हाकामारी काही एवढे जिने चढून यायची नाही. मला काय माहीत, ती नाही आली तरी तिचा बंदोबस्त करणारी बाई दर जूनमध्ये हरसूलच्या एसटीनं येणार आहे!

त्या यायच्या शाळा उघडायच्या आधी आठवडाभर. आमचा मुलगा आणि सून मनीषा दोघं नोकरीवाले, माझे गुडघे जिन्याला नकार देणारे, आणि लिफ्ट आमच्या सोसायटीत शोभेला बसवलेली. तेव्हा दोन नातवंडांना शाळेला जुंपायचं म्हणजे कुमक लागायचीच. घरची भाताची आवणी लेकासुनेवर सोपवून विहीणबाई पिशवीत नागलीचं पीठ, उडीद आणि वर्षभराची धास्ती भरून यायच्या आणि पोळ्यापर्यंत राहायच्या. शाळा उघडायचे दिवस म्हणजे काय असतात ते ज्याच्या घरात पोरं आहेत त्यालाच ठाऊक. मागच्या वर्षीचे बूट आखूड झालेले, नवे घ्यावेत तर दुकानात नेमका तोच नंबर संपलेला. पुस्तकांना कव्हरं घालता घालता चिकटपट्टीचं टोक हरवतं आणि त्यावरून नवराबायकोचं बोलणं बंद होतं. सुट्टीभर नऊ वाजता उठणारं पोरगं सहाला उठवायचं म्हणजे रुतलेली गाडी चिखलातून काढावी तसं. मोठी ओवी तेव्हा सहावीत, तिला डब्यात भाजी नको. धाकटा वेद पहिलीत, त्याला शाळाच नको. मनीषा एका हातानं वेणी घालतेय, दुसऱ्या हातानं पोळी उलटतेय, आमचे चिरंजीव मोबाइलमध्ये तोंड घालून "अगं, माझे मोजे?" विचारताहेत, खाली व्हॅनवाला भोंगा वाजवतोय. आणि ह्या सगळ्या रणधुमाळीत आमच्या विहीणबाई दाराला आडव्या उभ्या!

कारण त्यांचा दुसरा नियम. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आता हे आपण सगळेच पाळतो, पण सवयीनं. त्या पाळायच्या पोलिसासारखं. ओवी एकदा घाईत "जाते गं" म्हणाली तर तिला अर्ध्या जिन्यातून परत आणलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं, देवाला पुन्हा नमस्कार करवला आणि मग "येते" म्हणवून सोडलं. तोपर्यंत व्हॅन निघून गेली. मनीषानं ऑफिसला जायचं सोडून स्कूटर काढली आणि लेकीला शाळेत पोचवलं. संध्याकाळी आली ती तणतणतच.

"आई, एका अक्षरानं काय होतं गं?"

"एका अक्षरानं मानूस जातं बाई," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या आणि उडदाचं वरण घोटायला लागल्या.

दाराच्या बेलचं तर विचारू नका. बेल एकदा वाजली की घरात कुणी हलायचं नाही. दूधवाला शिकला बिचारा, तीनदा वाजवायचा. पण ऑनलाइन मागवलेल्या वस्तू आणणारी पोरं एकदा वाजवून, फोटो काढून, 'घर बंद' लिहून परत जायची. वेदचे शाळेचे बूट तसे दोनदा परत गेले. फोनचंही तेच. पहिल्यांदा वाजला की त्या त्याच्याकडे असं बघायच्या, जणू टेबलावर विंचू बसलाय.

आणि नावं! पोरांची खरी नावं उघड्यावर घ्यायची नाहीत. वेद त्यांच्यासाठी दगडू आणि ओवी धोंडाबाई. दगडधोंड्याला कोण कशाला हाक मारेल? घरात ठीक होतं, पण शाळेच्या पहिल्या दिवशी त्या हौसेनं फाटकापर्यंत गेल्या आणि सगळ्या आयाबापांच्या देखत खणखणीत ओरडल्या, "ए दगडू, डबा संपव रं! धोंडाबाई, त्याचा हात सोडू नको!" ओवीला त्या दिवशी ताप आला म्हणतात तो नुसत्या लाजेनं.

"हरसूलआजी, प्लीज! सगळी शाळा ऐकते!"

"शाळेनं ऐकावं की. जिनं ऐकू नये तिनं नाय ऐकलं म्हंजे झालं."

मनीषानं रात्र जागून दोन्ही पोरांच्या नावांची रंगीत लेबलं डब्यांना, बाटल्यांना, रेनकोटांना लावली होती. विहीणबाईंनी ती बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. "पोराचं नाव बाटलीवर लिहून गावभर फिरवायचं? वाचता येत आसंल तर तिला?" दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक नावाच्या पहिल्या अक्षरावर त्यांची एकेक मोठी मरून टिकली चिकटवलेली. वेदच्या बाटलीवर नुसतं 'द' उरलं, आणि ती बाटली शाळेतल्या हरवलेल्या वस्तूंच्या टोपलीत जाऊन बसली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण शाळा उघडल्यानंतरची दुपार त्यांच्याबरोबर काढायची म्हणजे हसू थोडं आत जायचं. सुट्टीभर घर कसं दणदणत असतं! पोरं गेली की एकदम असं गप्प होतं, की फ्रीजसुद्धा बोलतोय असं वाटतं. खोलीच्या कोपऱ्यात वेदच्या खेळण्यांच्या खोक्यातली पोलिसगाडी मधेच आपली आपण पेटायची, एकदाच 'ठुई' करून विझायची. वरच्या मजल्यावर चेंडू टप्पे खायचा. वरचा फ्लॅट बिल्डरनं अजून विकलेलाही नव्हता. मी म्हणायची, पाइपात हवा असेल. विहीणबाई म्हणायच्या, "आसंल." पण त्यांचे हात थांबलेले असायचे.

एका दुपारी आम्ही दोघी हॉलमध्ये मेथी निवडत बसलो होतो. आतल्या खोलीतून स्पष्ट, लाडीगोडी लावल्यासारखी हाक आली, "आजी ऽ!" वेदचाच आवाज. मी 'ओ'चा नुसता आकार केला असेल तोंडाचा, तेवढ्यात विहीणबाईंचा मेथीचा वास येणारा हात माझ्या तोंडावर! आम्ही दोघी तशाच. पंखा फिरतोय. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली. दुसरी हाक आली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला.

"खालच्या मजल्यावरचं पोर असेल," मी म्हणाले.

"खाली तर दोन बिनलग्नाचे ऱ्हातात, तुम्हीच सांगितलं."

"मग कशाचा आवाज हो तो?"

त्या पुन्हा जुडी निवडायला लागल्या. मग जरा वेळानं, जसं एखाद्याला भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, "विहीनबाई, शाळा उघडली की पयले काही दिवस घरच पोरांना बोलावतं. सुट्टीभर सवय झालेली आसती ना घराला. मग ते त्यांचेच आवाज काढून त्यांना बोलावतं. वाईट नसतं ते. पन पोरानं ओ दिली की ते मागं फिरतं. आन मागं फिरलेलं पोर…" मेथी त्या दिवशी जरा जास्तच बारीक निवडली गेली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. त्या सकाळी ढग असे खाली आलेले, की चांभारलेण्याचा डोंगर जागेवर आहे की रात्रीत कुणी उचलून नेलाय ते कळू नये. घरात नेहमीची धांदल, व्हॅनचा भोंगा, आणि वेद झोपेतच दारातून बाहेर पडताना पुटपुटला, "जातो."

"माघारी आना त्याला!" विहीणबाई ओरडल्या.

"आई, आज नाही! माझी मीटिंग आहे!" म्हणत मनीषानं त्याचा हात धरला आणि सरळ जिना उतरवला. ओवीला खोकला होता म्हणून ती घरी होती. पोरगं एकटंच गेलं. विहीणबाई कठडा धरून वरून बघत राहिल्या. व्हॅन ढगात शिरली, तिचे लाल दिवे दिसले, मग तेही दिसेनात. त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

मी न्हाणीत होते. बाहेर फोन वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला, थांबला. तिसऱ्यांदा वाजल्यावर विहीणबाईंनी उचलला आणि मला मनीषाचा आवाज न्हाणीपर्यंत ऐकू आला. "आई, वेद घरी आहे का? शाळेतून मेसेज आलाय, तो आज गैरहजर आहे म्हणून! व्हॅनवाले काका म्हणतात, मी फाटकात सोडला. शाळेचा फोन लागत नाहीये!"

मी ओल्या केसांनीच बाहेर आले. ओवीला शेजाऱ्यांकडे बसवलं, जिना कसा उतरले ते माझ्या गुडघ्यांना विचारा, आणि आम्ही दोघी रिक्षात बसलो. एरवी रिक्षात विहीणबाई प्रत्येक देवळाला हात जोडायच्या. त्या दिवशी हात मांडीवर घट्ट. गोदावरीच्या पुलावर आलो तर खाली नदी दिसेना, नुसतं पांढरं. जणू पूल कुठेच टेकलेला नाही. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "असेल हो तिथंच. मशीनची चूक असेल."

त्या समोर बघत म्हणाल्या, "'जातो' म्हनला होता."

शाळेच्या फाटकावर वॉचमन. आयकार्ड दाखवा, पालकांचा पास दाखवा, कुणाला भेटायचं ते लिहा. मागे हातभर अक्षरांत पाटी, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' एवढ्यात मनीषाही स्कूटरवरून आली, हेल्मेट काढायचंसुद्धा भान नाही. तिचा पास बघून त्यानं सोडलं आणि शिपाईबाई आम्हाला घेऊन निघाल्या. केवढा तो लांब व्हरांडा! दोन्ही बाजूंना वर्ग, वर्गात शेकड्यांनी पोरं, आणि तरी कसली ती शांतता. कुठून तरी बेचा पाढा यायचा, जसा विहिरीतून यावा. दारांबाहेर ओल्या छत्र्या ओळीनं लटकलेल्या, आणि एकीचंही टोक हलत नव्हतं. आमच्याच चपलांचा आवाज आमच्या मागून येत होता. विहीणबाईंनी दोनदा मागं वळून बघितलं.

पहिलीच्या वर्गाचं दार उघडलं. दुसऱ्या बाकावर, खिडकीशी, आमचा वेद. ओठ गच्च मिटून, हाताची घडी घालून, देवळातल्या मूर्तीसारखा बसलेला. मनीषा मटकन उंबऱ्यातच बसली.

"अरे, हा तर इथंच आहे!" मॅडम चकित. "वेद!"

वेद गप्प.

"वेद, अरे आई आलीय बघ."

त्यानं मान तिरकी करून हवेत बघितलं. ती मान मी ओळखली हो! हसावं की रडावं कळेना.

"वेद!"

"हजर, मॅडम!" वेद टुणकन उभा राहिला. "आत्ता झाल्या तीन!"

सगळा वर्ग खिदळला. मॅडम बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. "सकाळी हजेरीला मी दोनदा नाव घेतलं हो ह्याचं. उत्तरच नाही. मान वर करून बघायचं राहिलं माझ्याकडून, पण तिसऱ्यांदा कोण घेतं?"

"दोनदा नाही मॅडम," वेद म्हणाला. "तुम्ही एकदाच घेतलं. दुसरी हाक खिडकीतून आली."

"खिडकीतून कोण हाक मारणार रे?"

"हरसूलआजीच्या आवाजात होती. पण ती 'वेद' म्हणाली." मग आमच्याकडे बघून, अगदी समजूतदारपणे, "आमची हरसूलआजी मला दगडू म्हणते ना! म्हणून मी ओ नाही दिली."

पोरं 'दगडू, दगडू' करून पुन्हा हसली. मॅडमही हसल्या. मीसुद्धा तोंडाला पदर लावला. विहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बाकांमधून वाट काढत खिडकीशी गेल्या आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या. बाहेर काय होतं? शाळेची मागची भिंत, एक गुलमोहर आणि ढग.

संध्याकाळी मनीषानं जे तोंड सोडलं ते मी ती लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. "माझा जीव गेला असता आज, आई! शाळेत ओ द्यायची नाही, बेलला दार उघडायचं नाही, फोन उचलायचा नाही. भीती भरलीस तू पोरांच्या डोक्यात! उद्याच्या गाडीनं हरसूलला जा तू. मी पाहून घेईन माझं." आमच्या चिरंजीवांनी मोबाइल खाली ठेवला, म्हणजे प्रसंग किती कठीण होता ते समजा. विहीणबाई उठल्या, आपली पिशवी काढली आणि लुगड्यांच्या घड्या घालायला बसल्या. नातवंडं हीच त्या बाईची वर्षभराची कमाई, आणि ती आता अशी दारातून काढून घेतली जात होती.

मी जाऊन शेजारी बसले. घडी घालता घालताच त्या बोलल्या.

"माझा धाकला भाऊ होता. यवढाच, दगडूयवढा. शाळा उघडली त्या दिवशी मीच त्याला घेऊन चालले होते. डोंगरात धुकं लय, मानसाला मानूस दिसंना. मागनं आईची हाक आली, त्याच्या नावानं. एकच. तो 'ओ' म्हनला आन मागं पळाला. मी म्हनलं, भाकर इसरली आसंल, घिऊन यील. मी आपली पुढं गेले, मास्तर मारतील म्हनून." लुगड्याची तीच घडी त्यांनी तिसऱ्यांदा घातली. "ओहळाला पानी होतं, विहीनबाई. आन आईनं हाक मारलीच नव्हती. ती तर आवनाला गेलेली."

मनीषा दारात उभी होती. तिला हे कधी कुणी सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ती तशीच आत निघून गेली.

सकाळी पिशवी दाराशी भरून ठेवलेली. विहीणबाई वेदच्या बुटांच्या नाड्या बांधत खाली बसल्या होत्या. म्हणाल्या, "दगडू, ऐक. शाळेत मॅडमनं एकदा नाव घेतलं तरी ओ द्यायची. तिथं चालतं."

"तिथं हाकामारी येत नाही?"

"कशी यील? फाटकावर पाटी हाय ना, परवानगीशिवाय आत येऊ नये. त्या वॉचमननं आम्हा दोन धडधाकट विहिनींना इतका येळ सोडलं नाय, तो तिला बिनापासाची सोडंल होय?"

वेदनं जरा विचार केला. त्याला पटलं. पास नसेल तर वॉचमनकाका मुख्याध्यापकांनाही थांबवतात, असं त्यानंच वर सांगितलं. स्वयंपाकघरात पोळी लाटायचा आवाज थांबला होता. मग मनीषा डबा घेऊन बाहेर आली, तो दप्तरात ठेवला, आणि जाता जाता दाराशी ठेवलेली आईची पिशवी उचलून कपाटावर टाकली. खाली भोंगा वाजत होता. ती वेदला म्हणाली, "आजीला काय म्हणायचं?"

"येतो."

"नीट म्हण. मोठ्यानं."

सगळं निवळलं असं मला वाटलं. फक्त त्यानंतर विहीणबाई रोज सकाळी पोरं गेल्यावर "भाजी बघून येते" म्हणून निघायच्या आणि दुपारी रिकाम्या पिशवीनं परत यायच्या. मी म्हणायची, नाशकात भाजी मिळत नाही म्हणजे आता जगबुडीच! एकदा गुडघ्याच्या औषधाला रिक्षातून निघाले होते, तर शाळेच्या मागच्या गल्लीत ह्या दिसल्या. भिंतीबाहेर, गुलमोहराच्या खाली, बरोब्बर त्या खिडकीच्या समोर. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. अंगावर भुरभुर पडतेय त्याचं भान नाही. कान दिलेला.

मी रिक्षा थांबवली. "हे काय हो? इथं काय करताय?"

"भितीच्या आत ती यायची नाय. पन भितीच्या बाहेर तर पाटी नाय ना." अगदी हिशेबी बोलणं. मग हसल्या. "त्यो वॉचमन बी विचारतो, आजी रोज काय हो? त्याला म्हनलं, तुझी ड्यूटी फाटकाची, माझी भितीची."

"आणि आली हाक, तर?"

"तर मी ओ दीन."

"एका हाकेला?"

"एका हाकेला," त्या म्हणाल्या. "पोराच्या वाटची ओ मी देऊन टाकीन. एक माझ्याकडं लय वर्षं राहिलीय द्यायची."

मी रिक्षातून उतरले आणि जरा वेळ त्यांच्याजवळ उभी राहिले. आत पाढे चालले होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या नियमांना हसणं सोडलं असं नाही, पण हसताना आवाज काढत नव्हते.

त्यानंतरही अशा आल्या त्या आणखी चार पावसाळे. दरवर्षी पोळा झाला की मी त्यांना सीबीएस स्टँडवर सोडायला जायची, आणि गाडी सुटताना खिडकीतून त्या "येते हो विहीनबाई" म्हणायच्या. गेल्या वर्षी गाडी हलली तशा म्हणाल्या, "जाते हो."

मी गाडीबरोबर चार पावलं लंगडत चालले. "येते म्हणा! अहो, येते म्हणा!"

"म्हाताऱ्या मानसानं किती दिवस येते येते करायचं?" त्या हसल्या आणि गाडी वळली.

दिवाळीच्या आधी सकाळी मनीषाचा फोन वाजला. तिनं उचलला नाही. तिलाही आता ती सवय लागली आहे. तिसऱ्यांदा वाजल्यावर उचलला. हरसूलहून तिची भावजय बोलत होती. विहीणबाई पडवीत बसून सुपात नागली पाखडत होत्या म्हणे. एकदम मान वर केली, धुक्याकडे बघितलं आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "ओ! आले रे!" सून आतून बाहेर येईपर्यंत त्या गेलेल्या, आणि सूप मांडीवर तसंच होतं, एक दाणाही सांडलेला नाही. हाक कुणी मारली होती ते घरात कुणालाच माहीत नाही. कितवी होती तेही नाही. मला मात्र तो 'रे' अजून ऐकू येतो. आपल्या धाकट्याशिवाय कुणाला कोण असं 'आले रे' म्हणतं?

यंदा शाळा उघडली. वेद आता मोठा झालाय. "येतो" म्हणून गेला, आणि खालून "आजी! आजी! आजी!" असं लागोपाठ ओरडला, डबा विसरला म्हणून. ओवी कॉलेजात, तिच्या नव्या ओळखपत्रावरच्या नावावर एक मरून टिकली आहे. कुणी लावली ते मी विचारलं नाही. मनीषाच्या कपाटात त्या टिकल्यांचं पाकीट मी पाहिलंय. सगळी गेली. घर गप्प झालं, फ्रीज बोलायला लागला. मी मेथीची जुडी घेऊन बसले होते.

"विहीनबाई."

माझ्या 'ण'चा 'न' करून हाक मारणारं माणूस आता ह्या जगात दुसरं नाही. पण मी शिकलेली आहे. मी ओ दिली नाही. मेथी हातात धरून बसून राहिले. म्हटलं, घर असेल. घरालाही त्यांची सवय झालेली, तेही त्यांचा आवाज काढून बघत असेल.

"विहीनबाई."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली.

"ओ विहीनबाई!"

तीन झाल्या. मग मी मोठ्यानं ओ दिली, गुडघे धरून उठले आणि दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. पायऱ्यांवर ढगातला तो पांढरा उजेड तेवढा पडला होता.

"या, आत या," मी म्हणाले, आणि दार तसंच उघडं ठेवून दोन कप चहाचं आधण ठेवायला आत गेले.